राज्यव्यवहारकोश आणि जुन्या कागदांची पारख

नवे शब्द घडविण्याचा वाद आपल्याकडे बहुधा साहित्यिक व वृत्तपत्रकार यांच्यांत रंगतो. दप्तरें चाळणारांस तो दूरचा वाटतो. पण तसें नाहीं. हातीं आलेला कागद अस्सल शिवकालीन कीं मागाहून केलेला, हें ठरवितांना त्यांतील फारशी व संस्कृत शब्द मोजण्याची एक रीत संग्राहकांत पडली आहे. राज्याभिषेकानंतर दरबारची भाषा राज्यव्यवहारकोशाबरहुकूम पालटली, सबब त्यापुढील अस्सल कागद संस्कृतप्रचुर असलाच पाहिजे, ही समजूत तिच्या मुळाशीं आहे. ती कितपत टिकते, तें पाहूं.

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ (६ जून १६७४) रोजीं झाला. दरबारांत रुळलेल्या यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द असावेत, ह्या आज्ञेवरून त्यानंतर लवकरच हा कोश सिद्ध झाला. तो रघुनाथपंत हणमंते यांच्या नांवावर सांगितला जातो. प्रत्यक्ष रचना धुंडिराज लक्ष्मण व्यास यांची, असेंहि एक मत आहे. ग्रंथ अनुष्टुभ छंदांत असून शब्द सुमारें १३८० आहेत. राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद व पण्य असे त्याचे दहा वर्ग आहेत. फारशीचे संस्कृतांत कोश पूर्वीहि झाले होते. अकबराच्या कारकीर्दींत कृष्णदासानें व शहाजहानच्या कारकीर्दींत वेदांगरायानें ‘पारसीप्रकाश’ याच नांवाचे ग्रंथ केले. पण त्यांचा हेतु पंडितांस फारशी कळावी हा होता. आमचा कोश उलट दिशेनें चालतो. फारशी जाणणाऱ्या कारकुनानें ती सोडावी, हा त्याचा हेतु आहे.

आतां ह्या शब्दांस ‘नवे’ कोणत्या अर्थानें म्हणावें? अष्टप्रधानांचीं पदें पाहा. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. यांतील एकहि शब्द त्या वेळीं घडविलेला नाहीं. ‘अमा’ म्हणजे सह, त्यास त्यप् प्रत्यय लागून अमात्य होतो, हें पाणिनीपासून ठाऊक आहे. परंतु अमरसिंहानें मंत्री, धीसचिव व अमात्य हे एकमेकांचे पर्याय म्हणून दिले आहेत. ज्या शब्दांत कोशकारास भेद दिसला नाहीं, ते रायगडावर तीन निरनिराळ्या माणसांस वांटून दिले गेले: एकाकडे जमाखर्च, दुसऱ्याकडे पत्रव्यवहाराची तपासणी, तिसऱ्याकडे राजाची दिनचर्या व खासगी व्यवस्था. शब्द जुना, सीमा नवी. आमच्या मतें खरी शब्दघटना ती हीच. प्रत्यय लावून नवीन नाद काढणें हा तिचा सोपा भाग होय.

हीं पदें टिकलीं, कारण तीं ज्यांस मिळालीं त्यांस त्यांत मान होता व पुढें तीं घराण्यांत वंशपरंपरेनें चाललीं. भोरचे राजे संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत पंतसचिवच म्हणवीत. पण पायरी उतरून किल्ल्याच्या दारांत या, म्हणजे चित्र बदलतें. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील मानतात. त्याचें गद्य संस्कृताच्या वळणाचें, कर्त्याचें स्वतःचें पदहि संस्कृत. तरी दुर्गप्रकरणांत अधिकारी येतात ते हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस! कोशांत दुर्गवर्ग असतांना अमात्यांस त्याची गरज भासली नाहीं. (गडांच्या नांवांचेंहि असेंच. राजगड, रायगड, विशालगड हीं रुळलीं. प्रचंडगडास मात्र लोक आजहि तोरणाच म्हणतात.)

राजवाड्यांनीं १६२८, १६७७ व १७२८ ह्या सालांचीं तीन पत्रें घेऊन फारशी शब्दांचें प्रमाण काढलें. पहिल्यांत तें शेंकडा ८५ च्या आसपास, दुसऱ्यांत ३८ च्या, तिसऱ्यांत अवघें ६ च्या आसपास आलें. हा हिशेब पुष्कळांस पाठ आहे, आणि त्यानेंच घोटाळा झाला आहे. तीन पत्रांवरून ओघ कळतो, माप कळत नाहीं. राजकारणाच्या पत्राची भाषा एक, हिशेबाची दुसरी. पेशवाईंतील कोणतीहि कीर्द उघडा. जमा, खर्च, वसूल, बाकी, रुजू, सनद, सरंजाम हे शब्द पदोपदीं भेटतात. कालगणना पाहिली तर राजशक सुरू झाल्यावरहि सुहूर सन सुटला नाहीं. ‘सीत सबैन व अलफ’ म्हणजे सुहूर १०७६, इ. स. १६७५–७६, हें आंकडे सुद्धां अरबी! शंभर वर्षांनंतरच्या कारकुनाचा हातहि तेंच वळण गिरवीत होता.

एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस राज्याभिषेकानंतरच्या तारखेचा एक कौलनामा दाखविला. त्यांत हवालदार, कारकून, महसूल असे शब्द दाट, म्हणून कोणा विक्रेत्यानें तो बनावट ठरविला होता व स्नेही तो रद्दींत टाकण्याच्या बेतांत होते. शिक्का, कागद व अक्षराचें वळण पूर्ण तपासल्यावांचून तो अस्सल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फारशी शब्दांच्या कारणावरून तो टाकणें म्हणजे त्या काळच्या बहुतेक गांवकीच्या कागदांस काडी लावणें होय. उलट गांवच्या साध्या तंट्याच्या कागदांत पानभर कोशांतले शब्द पेरलेले दिसले, तर आम्ही अधिक सावध होऊं.

पुढील प्रयत्नांतहि हाच अनुभव येतो. बडोद्याचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ सालीं व महाराष्ट्र शासनाचा पदनामकोश १९६२ सालीं निघाला. दुसऱ्याची थट्टा पुष्कळ झाली, तरी सचिव, संचालक आज कोणास खटकत नाहींत. मंत्री व सचिव यांच्यांतील सीमा मात्र आतां तिसऱ्यांदा आंखली गेली आहे. जिल्हाधिकारी ह्या शब्दाचा पूर्वार्ध अरबीच राहिला, आणि तहसीलदार होता तेथेंच आहे.

म्हणून कागद वाचतांना मुद्रा, मायना, तारखेचा रकाना व मजकूर यांतील शब्द वेगवेगळे टिपावेत. मुद्रेंतील संस्कृत तर राज्याभिषेकापूर्वींचें. १६४६ च्या पत्रावर तें आहे. ज्यांच्या संग्रहीं १६७४ ते १६८० मधील कारखान्यांचे व किल्ल्यांचे हिशेब असतील, त्यांनीं मुद्रेपेक्षां मजकुराचीच नक्कल आधीं करून पाठवावी. कोशांतील शब्द तेथें सांपडले, तर ते मोलाचे ठरतील.