युरियाच्या गोणीत मोल किती?

पेरणीच्या दिवसांत बीडच्या मोंढ्यात खताच्या थप्प्या लागतात. त्यातली युरियाची एक गोणी घेऊ. वजन 45 किलो. युरियाच्या रेणूत कार्बन 1, ऑक्सिजन 1, नायट्रोजन 2 आणि हायड्रोजन 4. अणुवस्तुमानांची बेरीज 12 + 16 + 28 + 4, म्हणजे 60. साठ ग्रॅम युरिया हा एक मोल. 45,000 ग्रॅमला 60 ने भागा: बरोबर 750 मोल! रेणूमागे नायट्रोजनचे अणू दोन, म्हणून नायट्रोजन 1,500 मोल. गुणिले 14, की झाला 21 किलो. गोणीवर नायट्रोजन 46 टक्के छापलेला असतो. शुद्ध युरियाचं गणित 46.7 सांगतं, बाजारातला माल त्याच्या किंचित खाली. 2018 च्या आधी गोणी 50 किलोची होती, तेव्हा भागाकार 833.33 असा लांबत जायचा. मोल शिकवायला आताची गोणी फारच सोयीची!

डीएपीवरचा 18-46 मात्र जपून वाचावा. तो 46 नुसत्या फॉस्फरसचा नाही, फॉस्फरस पेंटॉक्साइडचा. या ऑक्साइडच्या 142 ग्रॅममध्ये फॉस्फरस फक्त 62 ग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या गोणीत ऑक्साइडच्या हिशेबानं 23 किलो, पण खरा फॉस्फरस साधारण 10 किलो. पोटॅशचंही तसंच: गोणीवर 60 टक्के, प्रत्यक्ष पोटॅशियम 50 टक्क्यांच्या आसपास. पूर्वीच्या रसायनतज्ज्ञांनी घटक ऑक्साइडच्या रूपात मांडायची रीत पाडली, ती खताच्या धंद्यात आजही चालते. दोन खतांची तुलना करताना हे ध्यानात ठेवायलाच हवं.

एका मोलमध्ये कण किती? 20 मे 2019 पासून हा आकडा कायमचा ठरला: 6.02214076 गुणिले दहाचा तेविसावा घात. चहात चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम साखर टाकली, तर कार्बनचेच अणू एकावर तेवीस शून्यं!

परळीच्या औष्णिक केंद्रात कोळशातला 12 ग्रॅम कार्बन जळाला, की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जास्तीचं 32 ग्रॅम वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. ऊस याच्या उलट करतो. बीडचे ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीकडं जाऊन जो ऊस तोडतात, त्यातून निघालेल्या साखरेच्या दर 342 ग्रॅममध्ये 144 ग्रॅम कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतून आलेला. क्विंटलभर साखरेसाठी उसानं तब्बल 154 किलो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो.