आधी बटण, मग बल्ब

घरी बसून दूरच्या शेतातलं बटण दाबणं जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवं नाही. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागेला पाणी द्यायचं, तर अपरात्री विहिरीवर जाण्याऐवजी मोबाइल स्टार्टरला फोन लावायचा आणि मोटर सुरू करायची, हे कितीतरी वर्षं चालू आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेलं ‘नॅनो गणेश’ हे याच जातीचं उपकरण. ते पंपाच्या स्टार्टरला जोडलं, की मोबाइलवरून पंप चालू-बंद करता येतो. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिकही मिळालं. दिवाणखान्यात स्मार्ट बल्ब येण्याआधी ही सोय विहिरीवर पोचली होती.

त्याच मोटरींनी एक धडाही दिला. स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असेल, तर लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. एका रोहित्रावरच्या सगळ्याच मोटरी अशा एका क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्रावर एकदम भार येतो आणि ते जळण्याची वेळ येते. म्हणून ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगत असतं. घरात स्मार्ट दिवे लावतानाही पहिला प्रश्न हाच असायला हवा: लाइट गेली आणि परत आली, की हे उपकरण काय करणार?

उत्तर अनेकांना मध्यरात्री मिळतं. झोपताना फोनवरून बंद केलेला बेडरूमचा दिवा पहाटे अडीचला लाइट येताच भक्कन पेटतो. बल्ब बिघडलेला नसतो. भिंतीवरचं बटण चालूच असतं, बल्ब फक्त ॲपमधून बंद केलेला असतो. वीज तुटून पुन्हा आली, की ‘कुणीतरी बटण दाबलं’ असं समजून तो उजळतो, कारण कारखान्यातून येतानाच त्याला तसं शिकवलेलं असतं. बहुतेक ॲपमध्ये ही सवय बदलता येते. वीज परतल्यावर चालू, बंद किंवा आधी होता तसा, असे तीन पर्याय सेटिंगमध्ये असतात. रंग निवडण्याआधी तिथे जाऊन ‘आधी होता तसा’ निवडलं, तर निम्मी कटकट संपते. एखाद्या बल्बात हा पर्यायच नसेल, तर बदनापूर, परतूर किंवा मंठ्याच्या घरासाठी तो बल्ब कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

जास्तीचे पैसे कशाचे?

स्मार्ट बल्ब म्हणजे एलईडी बल्बच, त्यात रेडिओची एक चिप जास्त. एलईडीचा निळा प्रकाश पिवळसर फॉस्फरच्या थरातून बाहेर पडला, की पांढरा दिसतो. तो निळा एलईडी घडवणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लगेच ५ जानेवारी २०१५ ला भारतात उजाला योजना सुरू झाली. ईईएसएल या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केल्यामुळे २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला एका बल्बचा खरेदीभाव २०१६ मध्ये चाळीसच्या खाली आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले.

आज नऊ वॅटचा साधा बल्ब शंभर रुपयांच्या आसपास येतो, तर वाय-फायवर चालणाऱ्या बल्बला साधारण पाचशेपासून हजारापर्यंत मोजावे लागतात. उजेड दोघांचाही सारखाच, आठशे-नऊशे ल्युमेन. वरचे पैसे चिपचे आणि ॲपचे.

वीज वाचेल म्हणून कुणी हे बल्ब घेत असेल, तर आधी हिशोब मांडावा. नऊ वॅटचा बल्ब रोज सहा तास जळला, तर वर्षाला सुमारे २० युनिट लागतात. साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्याच वेळात १३१ युनिट लागत. खरी बचत तिथेच झाली. स्मार्ट बल्ब मात्र विझलेला असतानाही फोनच्या निरोपाची वाट पाहत जागा असतो आणि त्यासाठी जवळपास अर्धा वॅट खातो. उरलेल्या १८ तासांचे होतात नऊ वॅट-तास. म्हणजे विसरून राहिलेला दिवा रोज किमान तासभर लवकर बंद झाला, तरच स्मार्ट बल्ब साध्या एलईडीची बरोबरी करतो.

पीओपीच्या छतात लपवलेल्या पट्ट्यांचं गणित वेगळं आहे. एलईडी स्ट्रिपला मीटरला दहा वॅट धरले, तर हॉलभोवतीची १५ मीटरची पट्टी १५० वॅट घेते. रोज चार तास पेटली, तर महिन्याला १८ युनिट. इथे उजेड निम्मा करण्याची आणि ठरल्या वेळी आपोआप बंद होण्याची सोय बिलात दिसू शकते.

बल्ब की स्विच?

स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद झालं, की तो साध्या बल्बाहूनही निरुपयोगी, कारण फोनवरून तो पेटत नाही. आणि आपल्या घरांत खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची शिस्त तर लहानपणापासून लावलेली असते. आजीने हॉलचं बटण बंद केलं की नातवाचा टायमर बाद. बटणावर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ लिहिण्यापर्यंत प्रकरण जातं, आणि पाहुणे येईपर्यंतच ती पट्टी टिकते.

म्हणून हॉल, स्वयंपाकघर, ओसरी अशा सगळ्यांच्या वापरातल्या जागांसाठी बल्बाऐवजी स्विचच स्मार्ट करणं सोयीचं. बोर्डाच्या मागे काडेपेटीएवढं मॉड्यूल बसतं. बटण नेहमीसारखं हातानेही दाबता येतं आणि फोनवरूनही चालतं. बल्ब साधाच राहतो, उडाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर रुपयांत नवा आणता येतो. चार दिव्यांच्या झुंबराला चार स्मार्ट बल्ब घेण्यापेक्षा एक मॉड्यूल स्वस्त पडतं. रंग बदलायचे असतील किंवा पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड हवा असेल, तर मात्र बल्बच स्मार्ट लागतो.

मॉड्यूल घेण्याआधी वायरमनला बोर्ड उघडून दाखवावा, अर्थात एमसीबी पाडून. बहुतेक मॉड्यूलना फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. ज्या बोर्डावर प्लगचं सॉकेट आहे, तिथे न्यूट्रल आलेला असतोच. फक्त दिव्याची दोन बटणं असलेल्या छोट्या बोर्डात तो नसण्याची शक्यता जास्त. जालना शहरात कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा. कुठल्याही जुन्या वस्तीत गेलं, तर लाकडी बोर्ड आणि केसिंग-कॅपिंगची वायरिंग अजून सापडते. अशा बोर्डात मॉड्यूलला जागा नसते, पुष्कळदा अर्थिंगही नसतं. तिथे आधी वायरिंग सुधारावं. जिन्याच्या दिव्याला खाली-वर दोन बटणं असतील, तर टू-वेला चालणारंच मॉड्यूल मागावं. पंख्याच्या रेग्युलेटरच्या किंवा डिमरच्या वायरवर स्मार्ट बल्ब लावू नये, तो लुकलुकतो आणि लवकर जातो.

राउटरपर्यंतची वाट

घरात आणलेला बल्ब फोनला सापडत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण बहुधा एकच. बहुतेक स्मार्ट बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात आणि नवा फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला जोडलेला असतो. बल्ब जोडेपर्यंत फोन २.४ वर आणला, की काम होतं. शिवाय २.४ च्या लहरी भिंतींतून जरा बऱ्या जातात. जुन्या वाड्याच्या हातभर जाडीच्या भिंतींपुढे त्याही दमतात, तेव्हा राउटर मधल्या खोलीत हलवावा लागतो.

लाइट गेली की राउटरही जातो. परत आल्यावर तो जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तोवर फोनवरून काही चालत नाही. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्या लाइनवर घ्यावा, नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो.

पाच-सहा बल्बांपर्यंत वाय-फाय पुरतं. पूर्ण बंगल्यात वीस-पंचवीस उपकरणं लावायची असतील, तर इंटरनेटवाल्याने दिलेला साधा राउटर अडखळू लागतो. तिथे झिगबीसारखी वेगळी रेडिओ पद्धत आणि तिचा हब लागतो. फिलिप्सने २०१२ मध्ये आणलेली ह्यू मालिका याच पद्धतीची. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून ॲपल, गूगल, ॲमेझॉन यांनी मिळून पाठिंबा दिलेलं ‘मॅटर’ हे मानक २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. नवं घर बांधणाऱ्याने खोक्यावर ते चिन्ह पाहावं, म्हणजे पुढे एकाच कंपनीच्या ॲपला बांधून राहावं लागत नाही.

बांधून राहण्याची किंमत अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीच्या ग्राहकांनी मोजली. २०२२ च्या एप्रिलमध्ये कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ॲप, वेळापत्रकं, आवाजी हुकूम सगळं थांबलं. भिंतीवरची बटणं तेवढी चालू राहिली.

खोक्यावरची बारीक अक्षरं

रब्बीत विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या, की लाइनच्या टोकाच्या घरात व्होल्टेज उतरतं, आणि भार एकदम कमी झाला की चढतं. बल्बच्या खोक्यावर व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते. २२०-२४० लिहिलेल्या बल्बापेक्षा १००-३०० व्होल्ट लिहिलेला बल्ब अशा घरात जास्त टिकतो. त्याच्याशेजारी सर्ज संरक्षणाचा आकडा असेल तर उत्तम. एलईडी बल्बांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६१०२ हा क्रमांक आणि नोंदणीचा आकडा खोक्यावर नसेल, तर दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी तो बल्ब परत ठेवावा. ऑनलाइन मागवताना बूडही पाहावं. आपल्याकडे बहुतेक होल्डर दोन पिनांचे, म्हणजे बी२२. बाहेरून येणारे पुष्कळ बल्ब आट्यांचे, ई२७ असतात.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहितात. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, निजायच्या खोलीला बरा. ४००० अभ्यासाला आणि स्वयंपाकाला. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. असा उजेड रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर राहिला, तर झोप लांबते. दिवसा पांढरा आणि रात्री पिवळा होणारा बल्ब लाखो रंगांच्या बल्बापेक्षा स्वस्त असतो आणि घरात रोज उपयोगी पडतो.

कुठला दिवा आधी?

सगळं घर एका दिवशी स्मार्ट करायची गरज नसते. अंगणातला किंवा फाटकावरचा दिवा सुरुवातीला चांगला. ठरावीक वेळेचा टायमर तिथे वर्षभर पुरत नाही, कारण जालन्यात नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. ॲपमध्ये ‘सूर्यास्ताला चालू’ निवडलं, की गावाच्या जागेवरून वेळ रोज आपोआप सरकते. कुटुंब चार दिवस राजूरच्या गणपतीला आणि पुढे पाहुण्यांकडे गेलं, तरी संध्याकाळी ओसरी उजळते.

त्यानंतर बेडरूमपासून बाथरूमपर्यंतची वाट. वयस्कर माणूस रात्री उठतो तेव्हा फोन शोधत नाही. तिथे ॲपपेक्षा चाहूल लागताच पेटणारा सेन्सरचा मंद दिवा कामाचा. त्याला इंटरनेटही लागत नाही.

शेतवस्तीवर मात्र हा खटाटोप करू नये. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज ठरलेल्या तासांनाच येते. तिथे सोलरवर चालणारा सेन्सरचा दिवा किंवा लाइट गेल्यावरही काही तास जळणारा बॅटरीचा बल्ब घ्यावा.

आवाजी हुकूम द्यायचे असतील, तर ॲलेक्सा २०१९ पासून हिंदी समजते. दिव्यांची नावं ‘हॉल’, ‘देवघर’, ‘किचन’ अशी छोटी आणि एकमेकांपासून वेगळी ठेवली, की हुकूम चुकत नाही. खातं कुणाच्या नावावर आहे हेही ठरवून घ्यावं. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दिवाळीत बल्ब लावून जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि घरच्यांना वेळापत्रकही बदलता येत नाही. ॲपमध्ये घरातल्या आणखी दोघांना सामील करून घेता येतं.

घरी आणल्यावर तीन परीक्षा

परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करून पाहाव्यात. दिवा फोनवरून बंद करायचा, मेन स्विच दहा मिनिटं पाडून पुन्हा चढवायचा आणि दिवा पेटतो की गप्प राहतो ते बघायचं. मग राउटर बंद करून, इंटरनेटशिवाय काय चालतं आणि काय अडतं ते पाहायचं. शेवटी, घरातल्या ज्या माणसाच्या हातात स्मार्टफोन नाही, त्याला काहीही न शिकवता दिवा लावायला सांगायचं. यातल्या एकाही परीक्षेत तो नापास झाला, तरी बिल आणि खोकं घेऊन दुकान गाठायला वेळ शिल्लक असतो.