गोधडीला खालचा दोरा किती लागतो?

मशीनवर मोठी गोधडी शिवताना वरचे रीळ डोळ्यांसमोर असते, पण खालच्या दोऱ्याची बॉबिन पट्टीखाली झाकलेली. ती रिकामी झाली तरी सुई वरखाली होतच राहते. कापडाला भोके पडत जातात आणि टाका मात्र बसत नाही. हातभर पुढे गेल्यावर ते लक्षात येते. म्हणून शिवायला बसण्याआधीच किती बॉबिना लागतील याचा हिशेब करावा. हा अंदाज बहुधा गोधडीच्या आकारावरून बांधला जातो. पण आकार ही निम्मीच गोष्ट झाली. दोरा किती खपेल हे तितकेच शिलाईच्या ओळींमधल्या अंतरावरही ठरते, आणि नेमके तेच मोजायचे राहून जाते.

२४० सेंटीमीटर लांब आणि २२० सेंटीमीटर रुंद अशी दुहेरी पलंगाची गोधडी घेऊ. दर ५ सेंटीमीटरवर एक उभी ओळ टाकली, तर ४४ ओळी होतात आणि शिलाई सुमारे १०६ मीटर भरते. तेच अंतर अडीच सेंटीमीटर केले की शिलाई २११ मीटरवर जाते. गोधडी इंचानेही वाढलेली नसते, दोरा मात्र दुप्पट. याचे सूत्र साधे आहे: क्षेत्रफळाला ओळींमधल्या अंतराने भागायचे. ओळी सरळ नसल्या, कडेपासून आत फेर घेत गेलेल्या असल्या, तरी अंतर सारखे असेल तर उत्तर जवळपास तेच येते. उभ्या-आडव्या चौकटी पाडायच्या असतील तर ते दुप्पट धरावे.

पण शिलाईची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. एलियास हाऊ यांनी १८४६ मध्ये ज्या टाक्याचे पेटंट घेतले, त्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा थराच्या मधोमध एकमेकांत अडकतात. त्यामुळे खालचा दोरा प्रत्येक टाक्याला अर्ध्या जाडीपर्यंत वर चढतो आणि तितकाच खाली उतरतो. टाका ३ मिलिमीटरचा आणि दाबलेला थर १ मिलिमीटरचा असेल, तर एका टाक्याला ४ मिलिमीटर दोरा जातो. म्हणजे १०६ मीटरच्या शिलाईला सुमारे १४१ मीटर. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना अर्ध्या वितेहून थोडी कमी, १० सेंटीमीटर, शेपटी सोडली की आणखी ९ मीटर. एकूण १५० मीटर झाले. टाका बारीक किंवा कापूस जाड असेल, तर हा आकडा वाढतो.

कुणी म्हणेल, आजीने गोधडीला धावदोरे घातले ते काही भागाकार करून नव्हे. खरे आहे, पण तिचे बोट दोन ओळींमधले अंतर मोजतच होते. रोजच्या सवयीने हिशेब तिच्या हातात उतरला होता. शिवाय धावदोऱ्याला एकच दोरा लागतो, मशीनला दोन. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक बॉबिनचा आकार आणि दोऱ्याची जाडी वेगळी, मग एकच आकडा सगळ्यांना कसा चालेल? तो चालणारच नाही. म्हणून पहिली बॉबिन हेच माप मानावे. ती पूर्ण भरून शिवायला घ्यावी आणि किती ओळी झाल्यावर संपते ते मोजावे. ४७ मीटर दोरा मावत असेल, तर शेपट्यांसकट १३ ओळी पूर्ण होतील आणि ४४ ओळींना चार बॉबिना लागतील.

दोरा स्वस्त आहे, कमी पडला तर आणू, असेही म्हणता येईल. पण दुसऱ्या घाण्यातल्या रंगाची छटा किंचित वेगळी निघते आणि ती गोधडीच्या पाठीवर कायमची दिसत राहते. याहून मोठा लाभ म्हणजे तेरावी ओळ संपताच, काठावर, आपण होऊन बॉबिन बदलता येते. गाठ मग काठाच्या पट्टीत दडते आणि अंगावर घ्यायची मधली जागा सलग, मऊ राहते.