रिकामा डबा परत जात नाही

नागपुरात जिवलग दोस्ताला ‘मी आपला आभारी आहे’ म्हटलं, तर तो आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. वर ‘आभार कायचे बे?’ हे ऐकावं लागेल ते वेगळंच.

आभार मानले जातात, पण डब्यातून. वर्षअखेरीस आंबिया बहाराची संत्री उतरली, की मित्राच्या मळ्यातला डबा घरी येतो. सालीवर हिरवट छटा, एखाद्या देठाला अजून पान. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हेच ते फळ! तो डबा रिकामा धाडायचा नाही, हा मराठी घरांतला जुना रिवाज. निदान चिमूटभर साखर तरी. संक्रांत तोंडावर असेल तर तिळाचे लाडू.

काही जण डबा मुद्दाम उशिरा परत करतात. तेवढंच जायला निमित्त.