सौर दिवा बसतो, पण सांभाळणार कोण?



गावात सौर दिवे बसतात तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतात. दोन-तीन वर्षांनी बॅटरी संपते आणि खांब नुसते उभे राहतात. आमच्या वस्तीवर असंच झालं. "बसवणारे गेले, आता दुरुस्त कोण करणार?" असा प्रश्न मासिक सभेत निघाला. हाच प्रश्न जगातल्या कितीतरी गावांना पडला आहे, आणि त्याचं एक चांगलं उत्तर बायकांनीच दिलं आहे.

आधी देशांचं बघू. ऊन भरपूर, पण पैसा आणि माहिती कमी, असे अनेक देश आहेत. आपल्यात एकटीला बँक दारात उभी करत नाही, पण दहाजणी मिळून गेलो की कर्ज मिळतं. देशांचंही तसंच. म्हणून ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या हवामान परिषदेत भारत आणि फ्रान्सने मिळून 'आंतरराष्ट्रीय सौर आघाडी' जाहीर केली. तिचं मुख्यालय आपल्याच देशात, हरियाणातल्या गुरुग्रामला आहे. आज शंभरहून जास्त देश तिच्यात आहेत. सौरऊर्जेसाठी भांडवल स्वस्तात मिळावं आणि माणसं शिकून तयार व्हावीत, हे तिचं काम.

पण नुसत्या पैशाने दिवा चालू राहत नाही. त्यासाठी राजस्थानातलं तिलोनिया गाव बघा. तिथे १९७२ साली बंकर रॉय यांनी 'बेअरफूट कॉलेज' सुरू केलं. आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांमधून बायका तिथे सहा महिने राहून सौर दिव्यांचं काम शिकल्या. विमानभाडं आणि शिक्षणाचा खर्च भारत सरकारच्या 'आयटेक' या परदेशी सहकार्य कार्यक्रमातून झाला. यातल्या कितीतरी जणी आज्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. भाषाही वेगवेगळ्या. तरी रंग, खुणा आणि हाताने करून बघणं, एवढ्यावर त्या वायरिंग जोडायला आणि बिघाड शोधायला शिकल्या.

आज्याच का? तरुण पोरं प्रमाणपत्र हातात पडलं की शहराची वाट धरतात. आजी गावातच राहते, असा रॉय यांचा अनुभव.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दिवे येण्याआधी गावाने समिती नेमायची आणि दर घराने महिन्याला वर्गणी द्यायची. रॉकेल, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल यांवर जेवढा खर्च होत होता, साधारण तेवढीच. त्यातूनच दुरुस्ती करणाऱ्या बाईचा पगार आणि सुटे भाग. म्हणजे आपल्या बचतीसारखंच की!

सौर दिवा टिकायचा तर वीजही कमी लागायला हवी. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही होत नाही. वापर कमी असला की पॅनेल आणि बॅटरी लहान पुरते, खर्चही कमी होतो. म्हणून पंखा, फ्रीज घेतानाही लेबलवरचे तारे मोजा. एकाच मापाच्या वस्तूंत जास्त तारे म्हणजे कमी वीज.

आता आपलं काम. गावात कोणतीही सौर योजना आली, तर ग्रामसंघाच्या सभेत तीन प्रश्न विचारा:

१. बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती लेखी आहे का?
२. गावातल्या कोणत्या दोन बायकांना दुरुस्ती शिकवणार? नावं आत्ताच ठरवा.
३. दुरुस्तीची वर्गणी किती, आणि ती कोणत्या खात्यात जमा होणार?

उत्तरं मिळाली की प्रोसिडिंग बुकात ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्या वस्तीवर हे आधी विचारलं असतं, तर आज पोरांना अंधारातून यावं लागलं नसतं. तुम्ही मात्र दिवा बसायच्या आधीच विचारा.