अतिसार

अतिसार : (हगवण, जुलाब). चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे, यास अतिसार म्हणतात. तो स्वतंत्र रोग नसून आतड्याच्या अनेक विकारांचे लक्षण आहे. शौचावाटे रक्त पडत असल्यास त्यास आमांश ही संज्ञा आहे.

कारणे : रोटा व्हायरस, ई. कोलाय, शिगेला व पटकीचे जंतू, तसेच अमीबा व जिआर्डिया हे आदिजीव ही प्रमुख कारणे होत. रोग्याच्या विष्ठेतील जंतू पाणी, अन्न, हात व माश्या यांमार्फत निरोगी माणसाच्या पोटात जातात. म्हणून पाण्याच्या स्थितीशी या विकाराचा निकट संबंध असतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात मुंबईस पाणी पुरविणारे तानसा (१८९२) व भातसा हे जलाशय आहेत. तथापि आटगावच्या याच परिसरातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. विहिरीने तळ गाठला म्हणजे गढूळ पाणी प्यावे लागते आणि पहिल्या पावसात काठावरील घाण तीत उतरते. या दोन्ही वेळी अतिसाराचा धोका वाढतो.

लक्षणे : प्रौढाच्या आतड्यात रोज सु. ९ लि. द्रव येतो व त्यापैकी बहुतेक पुन्हा शोषला जातो. अतिसारात हे शोषण बिघडते व शरीरातील पाणी आणि लवणे झपाट्याने कमी होतात. तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे व चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणे, ही निर्जलीभवनाची चिन्हे होत. लहान मुलांचा मृत्यू बहुधा त्यामुळेच ओढवतो.

उपचार : जुलाब होत असताना पाणी तोडावे, हा समज घातक आहे. विकारग्रस्त आतडेही ग्लुकोजाबरोबर सोडियम व पाणी शोषून घेते. या तत्त्वावर दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव (पश्चिम बंगाल) येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रोग्यांना मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन असंख्य प्राण वाचविले. क्षार-संजीवनीचे पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या १ लि. पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवावा. मुलांना जस्ताच्या गोळ्याही देतात. रक्त पडणे, सतत वांती होणे वा ग्लानी येणे, अशा वेळी रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

प्रतिबंध : पाणी उकळणे वा त्यात क्लोरीन मिसळणे, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, शौचालयाचा वापर आणि बालकांना रोटा व्हायरसविरोधी लस देणे, हे मुख्य उपाय होत. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या लशीचा समावेश २०१६ पासून टप्प्याटप्प्याने झाला.