रंगाआधीचं काम

मोठ्या पोलादी पुलाचं आयुष्य केवळ रंगाच्या दर्जावर ठरत नाही. रंगाआधी पोलाद किती स्वच्छ केलं, यावर ते अधिक अवलंबून असतं. स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल याचा ठोस दाखला आहे. १८९० मध्ये खुला झालेला, सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा हा पूल खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभा आहे. त्यात सुमारे ५३ हजार टन पोलाद आहे आणि रंगवायचा पृष्ठभाग सुमारे २ लाख ३० हजार चौरस मीटर. शतकभर तिथे जुन्या थरांवर नवे थर चढत गेले, आणि हे काम कधी संपतच नाही असा लौकिक झाला. कष्टात कसूर नव्हती. उणीव पद्धतीत होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचा रंग आतून उचलतो आणि जोडाच्या पट्ट्या फाकवतो. रंगाखाली मीठ राहिलं, तर ते ओलावा ओढून घेतं आणि फोड येतात. अशा पायावर लावलेला उत्तम रंगही लवकर सुटतो.

२००२ ते २०११ या काळात मात्र कठीण कणांचा मारा करून जुने थर खरवडले गेले आणि उघड्या पोलादावर तीन थरांचा लेप चढला. त्यातल्या इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते एकमेकांवर पसरून पाण्याची आत शिरण्याची वाट लांबवतात. शिशाचा जुना रंग खाडीत पडू नये आणि ओल लागू नये, म्हणून परांच्यांसह कामाचा भाग आच्छादावा लागला. पुलावरून गाड्या धावतच होत्या. सुमारे १३ कोटी पौंड लागले, पण लेप किमान २५ वर्षं टिकेल अशी अपेक्षा आहे.

एवढ्या खर्चापेक्षा न गंजणारं पोलादच का वापरू नये, हा प्रश्न रास्त आहे. पण स्टेनलेस स्टील एवढ्या प्रमाणात फार महाग पडतं, आणि स्वतःच्या गंजाचाच संरक्षक थर धरणाऱ्या पोलादावर खाऱ्या हवेत तो थर नीट स्थिरावत नाही. जस्ताचा मुलामा द्यावा, तर वितळलेल्या जस्ताच्या कढईत उभा पूल बुडवता येत नाही. थोडीथोडी डागडुजी स्वस्त पडते, हा दुसरा आक्षेप. वेळेवर केलेली डागडुजी गरजेचीच असते. रंग आधी कडा, रिव्हेट आणि सांध्यांवरच सुटतो, म्हणून नव्या लेपानंतरही तपासणी थांबवता येत नाही. पण खालचा थरच सुटला असेल, तर डागडुजीच्या प्रत्येक फेरीत परांचीचा आणि मजुरीचा खर्च नव्याने होतो, गंज मात्र तसाच राहतो.

हा हिशेब आपल्याही दारात आला आहे. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचे लांब गाळे पोलादी आहेत आणि ते समुद्रावर आहेत. अशा पुलांच्या प्रत्येक सांध्यापर्यंत माणूस पोहोचेल अशी सोय आणि पुढच्या संपूर्ण लेपाचा निधी, या दोन्हींची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी.